कॉन्सेप्ट कारचा रुबाब आणि रस्त्यावरची गाडी

फेब्रुवारी २०१८च्या ऑटो एक्स्पोत टाटा मोटर्सनं ‘एच५एक्स’ ही कॉन्सेप्ट कार मांडली. जानेवारी २०१९मध्ये तीच ‘हॅरियर’ म्हणून विक्रीला आली. दिवसाचे दिवे वर आणि हेडलॅम्प खाली बंपरात, ही ओळख टिकली. तरी ‘चाकं लहान झाली, रुबाब उतरला’ असं पुष्कळ जण म्हणाले. पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये पत्र्याला आकार देणाऱ्या डाय, म्हणजे साचे, बनवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून त्यांना सांगावंसं वाटतं.

प्रदर्शनातली गाडी बहुधा एकच बनते, अंग हातानं घडवलेलं. तिची चाकं मोठी चालतात, कारण तिला खड्ड्यांतून जायचं नसतं. रस्त्यावरच्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण वळवून, सस्पेन्शन दबलेलं असतानाही चाक कुठं घासता कामा नये. शिवाय रिमला धक्का बसू नये म्हणून टायरला जाडी लागते.

खरी झुंज पत्र्याशी असते. डिझायनरला दारावर धारदार रेघ हवी असते. पण सुमारे ०.७ मिलिमीटरचा पत्रा फार लहान रेडियसवर ओढला की फाटतो. दाब सुटला की तो थोडा मागं येतो. आम्ही त्याला स्प्रिंगबॅक म्हणतो. त्याचा अंदाज बांधून डायचा आकार आधीच बदलावा लागतो. मग ब्लू मॅचिंग : निळा रंग लावून दाब द्यायचा, कुठं उमटला ते पाहायचं आणि उंच राहिलेली जागा हातानं घासायची. पुन्हा रंग, पुन्हा दाब. हे सगळं अशासाठी, की पहिलं आणि लाखावं दार सारखंच बसावं.

बॉनेटची उंचीसुद्धा उगाच वाढत नाही. पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर पत्रा दबायला खाली मोकळी जागा हवी. समोरच्या धडकेच्या सक्तीच्या चाचणीत गाडी ताशी ५६ किलोमीटर वेगानं अडथळ्यावर आदळवतात, तीही पुढच्या रुंदीच्या फक्त ४० टक्के भागावर. कॉन्सेप्ट कारला ही परीक्षा नसते.

डिसेंबर २०२३मध्ये, गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपच्या पहिल्याच निकालात सुधारित हॅरियरला ५ तारे मिळाले. माझ्या लेखी रुबाब तो हाच. गाडी घ्यायला जाल तेव्हा चाकांच्या आकाराआधी तिचे तारे विचारा आणि दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे ना, ते बोटानं चाचपून बघा.