टायर एकाच बाजूने का झिजतो? — गाडीच्या व्हील अलाइनमेंटविषयी थोडेसे

आमचा धंदा कापडाचा. मालेगावहून भिवंडीला तागे पाठवण्यासाठी आम्ही एक छोटी मालवाहू गाडी ठेवली आहे. आठवड्याला दोन फेऱ्या, जाऊन येऊन सुमारे पाचशे कि.मी. गाडीतले आम्हाला काही कळत नव्हते. डिझेल भरावे, ऑइल बदलावे आणि बाकीचे ड्रायव्हरवर सोडावे, एवढाच आमचा हिशेब. या अज्ञानाची किंमत आमच्या आधी दुसऱ्याने मोजली, म्हणून हा विषय व्यापारी बंधूंसमोर मांडत आहोत.

एकदा भरलेली गाडी इगतपुरीच्या अलीकडे असताना पुढचा डावा टायर फुटला. कसारा घाट उतरताना फुटला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो. गाडी परत आल्यावर पाहिले तर पुढचे दोन्ही टायर बाहेरून चांगले, नक्षी शाबूत. पण आतल्या कडेला रबर संपून धागे दिसत होते. टायरच्या पोटात नायलॉनच्या दोऱ्यांचे कापड असते हे आम्ही ऐकून होतो, डोळ्यांनी त्या दिवशी पाहिले. आम्ही ड्रायव्हरवर भडकलो. "तू गाडी खड्ड्यात घालतोस, वळणावर वेग कमी करत नाहीस," असे चार लोकांसमोर बोललो. तो एवढेच म्हणाला, "सेठ, स्टिअरिंग सरळ धरले की गाडी डावीकडे जाते. मी दोनदा सांगितले होते." आम्हाला तो बहाणा वाटला. नवीन टायरच्या खर्चातले तीन हजार रु. त्याच्या पगारातून दरमहा पाचशेप्रमाणे कापायचे ठरवले. ज्या दुकानातून टायर घेतले, तिथे बिल मिळाले, चहा मिळाला. जुने टायर असे का झिजले, हे मात्र कोणी विचारले नाही.

चार महिन्यांत, सुमारे सतरा हजार कि.मी. चालून, नवे टायरही आतून तसेच झाले. तेव्हा एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी आधी टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवला आणि आम्हाला म्हणाले, "भाई, तुम्ही कापडवाले ना? तुम्हीच हात फिरवून बघा." फिरवला. मखमलीवर एका दिशेने हात सरकतो आणि उलट दिशेने अडतो, अगदी तसेच लागले. चाक रस्त्यावर सरळ फिरत नसून तिरके घासत चालले आहे, त्याची ही खूण.

मग त्यांनी चाकांच्या मध्याच्या उंचीवर सूत धरून दोन्ही टायरमधले अंतर मोजले, एकदा पुढून, एकदा मागून. पुढचे अंतर सहा मि.मी. जास्त निघाले. चाके पुढच्या बाजूला फाकली होती. खाली वाकून त्यांनी दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, म्हणजे टाय-रॉड, दाखवला. तो मधोमध वाकलेला होता. कधीतरी दगडावर आपटला असावा. आमच्या गाडीत तो ॲक्सलच्या मागे असतो. वाकल्याने त्याची लांबी कमी झाली, चाकांच्या मागच्या कडा आत ओढल्या गेल्या आणि पुढच्या कडा उघडल्या.

सहा मि.मी. म्हणजे काय, असे आम्हालाही वाटले. मिस्त्रींनी हिशेब करून दिला. सहा मि.मी. दोन चाकांत वाटले तर प्रत्येकी तीन. टायरचा व्यास साधारण सहाशे मि.मी. म्हणजे चाक पुढे जाताना दर दोनशे हातांमागे एक हात आडवे ओढले जाते. एका कि.मी.ला पाच मीटर. मालेगाव ते भिवंडी अडीचशे कि.मी. धरले तर एका खेपेत टायर सव्वा कि.मी. डांबरावर आडवा फरफटला! मालासकट फरफटला. डिझेल जळते ते वेगळेच.

अलाइनमेंटमध्ये मुख्यतः तीन गोष्टी मोजतात. वर सांगितली ती 'टो', म्हणजे वरून पाहिल्यावर चाके पुढे जवळ आहेत की फाकलेली. दुसरी 'कॅम्बर': समोरून पाहिल्यावर चाक उभे आहे की आत-बाहेर कललेले. ते फार कलले तर टायरची एकच कड झिजते, पण मखमलीसारखी खरखर लागत नाही, कड सरळ गुळगुळीत उतरते. तिसरी 'कॅस्टर'. ही समजायला सायकल पाहावी. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरका असतो, म्हणून हात सोडला तरी हँडल सरळ राहायला पाहते. मोटारीतही स्टिअरिंग वळणानंतर आपोआप परत येते त्यात मोठा वाटा कॅस्टरचा. कॅस्टरने टायर फारसे झिजत नाहीत, पण दोन बाजूंना कमी-जास्त झाला की गाडी एका बाजूला ओढते.

आमच्यासारख्या ज्या गाड्यांना पुढे एकसंध ॲक्सल असतो, त्यांत टाय-रॉडवरून फक्त टो बदलता येतो. बऱ्याच लहान मोटारींतही नेहमीच्या कामात टोच जुळवतात. कॅम्बर बिघडला असेल तर काहीतरी वाकले आहे किंवा झिजले आहे असे समजावे आणि तो भाग बदलावा. वाकलेला टाय-रॉड ठोकून सरळ करून देतो म्हणणारे भेटतात. आम्ही नवीनच टाकला. स्टिअरिंगचा दांडा घाटात तुटला तर वाचवलेले पैसे कोणाच्या कामाचे?

गाडी ओढते म्हणून दर वेळी अलाइनमेंटलाच दोष देऊ नये. रस्ता पाणी वाहून जावे म्हणून डावीकडे थोडा उतरता असतो, त्यामुळे सपाट जागी पाहावे. ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर ब्रेक तपासावा. हवा दोन्ही बाजूंना सारखी हवी आणि मालही. आमचेच हमाल तागे एका अंगाला रचत असत. पुढचे दोन टायर आपसांत बदलून ओढ उलट दिशेला गेली तर खोट टायरमध्ये आहे (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नये). आणि ठराविक वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर ते बहुधा बॅलन्सिंगचे काम. त्यात रिमला छोटी वजने लावतात. दुकानदार दोन्ही एकदम करतात म्हणून लोक दोन्ही एकच समजतात.

आता सुताच्या जागी कॅमेऱ्यांची यंत्रे आली आहेत. चाकांना फलक लावतात आणि पडद्यावर आकडे येतात, अंश आणि कला यांत. साठ कला म्हणजे एक अंश. यंत्र चांगलेच, पण हवा न तपासता, सांध्यांतला ढिलेपणा न पाहता लगेच नट फिरवू लागणाऱ्याकडे यंत्र असून काय उपयोग? ढिल्या सांध्यावर जुळवलेला आकडा पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतो.

टाय-रॉड बदलून टो जुळवला त्याच संध्याकाळी आम्ही ड्रायव्हरला बोलावले आणि कापलेले दोन हजार रु. परत दिले. चुकलो, असेही म्हणालो. त्याने पैसे मोजले नाहीत, खिशात ठेवले आणि विचारले, "सेठ, उद्या किती वाजता भरायची?" चार लोकांसमोर बोललो होतो, आणि ही माफी बंद खोलीत मागितली, हे आमच्या नंतर लक्षात आले.

आता दर दहा हजार कि.मी.ला, आणि मोठा खड्डा किंवा दगड लागला तर लगेच, गाडी दाखवतो. महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरची आतली कड टॉर्चने पाहतो. बाहेरून ती दिसतच नाही. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर काढायचा. यंत्रावर काम केले तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागून घ्यावा, दुकानदार आपणहून देईलच असे नाही. आमचा ड्रायव्हर तो कागद आरसी बुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवतो.