पडद्यावरचा आकडा आणि काट्यावरचे वजन



चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला जाणारी आपली पोरं आता घरच्या उसाचा हिशेब एक्सेलवर ठेवतात. चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्यापायी घरात नको तो संशय शिरू नये.

समजा, एका खेपेचे निव्वळ वजन १८.६४० टन भरले. चौकट दशांश न दाखवणारी, म्हणून पडद्यावर दिसले १९. दर टनाला ३,००० रुपये धरला तर बिल होते ५५,९२० रुपये. वडील तोंडी मांडतात, एकोणीस त्रिक सत्तावन्न, म्हणजे ५७,०००. मग १,०८० रुपये गेले कुठं? कुठंच गेले नाहीत! एक्सेल दाखवते १९, पण गुणते १८.६४० लाच.

कंट्रोल आणि १ ही कळ एकदम दाबावी, नंबरच्या यादीत सर्वात खाली कस्टम निवडावे आणि शून्य, टिंब व पुढे तीन शून्ये लिहावीत. वजन किलोपर्यंत दिसेल.

याहून वाईट चूक दुसरीच. काहीजण चौकटीत हातानेच ‘टन’ लिहितात. मग तो आकडा राहत नाही, मजकूर होतो आणि ‘सम’ने केलेल्या बेरजेत ती खेप गुपचूप गळते. ‘टन’ हवेच असेल तर कस्टममध्ये शून्यांपुढे दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे. सभासद क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य उडत असेल तर तिथेच क्रमांकात जितके अंक तितकी शून्ये द्यावीत.

एवढे करूनही फरक राहिला, तर काटापावती घेऊन शेतकी विभागात खुशाल यावे.