टिनटिनच्या तिबेटात खलनायक नाही

लातूर पॅटर्नच्या गावात पोराच्या हाती चित्रांचं पुस्तक दिसलं की 'अभ्यास कर' ठरलेलंच. नांदेडातही निराळं नाही. 'टिनटिन तिबेटमध्ये' या चित्रकथेबद्दलचे समज बहुधा असेच, न वाचता झालेले.

गैरसमज: टिनटिन फ्रेंच आहे.
भाषा फ्रेंच, पण तो बेल्जियमचा. १० जानेवारी १९२९ रोजी ब्रुसेल्सच्या एका बालपुरवणीत अवतरला.

गैरसमज: पाठलाग, मारामारी, शेवटी चोर सापडतो.
इथं चोरच नाही. हिमालयात विमान कोसळतं, सगळे गेले असं ठरतं. टिनटिनच्या स्वप्नात मात्र त्या विमानातला मित्र चँग मदतीला हाक मारतो आणि टिनटिन त्याच्या शोधात निघतो. पुढं सारा बर्फच. २४ पुस्तकांतलं हे विसावं. आधी साप्ताहिकातून १९५८-५९ मध्ये आलं, १९६० ला पुस्तक झालं. तेव्हा टिनटिनचा निर्माता एर्जे याचा संसार मोडत होता आणि रात्री पांढऱ्याफटक रंगाची भयस्वप्नं पडत होती. काम सोडा, असं मानसतज्ज्ञानं सांगितलं. त्यानं पुस्तक पुरं केलं.

गैरसमज: चँग काल्पनिक.
तो बेतला आहे एका खऱ्या माणसावर: झांग चोंगरेन, ब्रुसेल्समध्ये शिकणारा चिनी कलाविद्यार्थी. १९३४ मध्ये त्याची आणि एर्जेची गाठ पडली आणि चीनबद्दलच्या ऐकीव कल्पना एर्जेनं टाकून दिल्या. पुढं युद्धांच्या धामधुमीत संपर्क तुटला. तिबेटचं पुस्तक काढताना खरा मित्र कुठं आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. भेट झाली ती थेट १९८१ मध्ये, एर्जेच्या मृत्यूच्या दोन वर्षं आधी.

गोष्टीतल्या यतीला, म्हणजे हिममानवाला, राक्षस समजणाऱ्यांनी शेवटची पानं पाहावीत. चँगला त्यानंच जगवलेलं असतं. माझ्या मते या गोष्टीतलं सर्वांत एकाकी पात्र तेच.

एर्जे तिबेटला कधी गेला नव्हता; फोटो आणि कात्रणांवरून त्यानं हिमालय उभा केला. वाटेत दिल्लीही येते: कुतुबमिनार, लाल किल्ला आणि टिनटिनचा सोबती कॅप्टन हॅडॉक याला पाठीवर घेऊन उधळलेली गाय. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं जाणाऱ्याला कुतुबमिनार लगेच ओळखू येईल, गाय तर येईलच! पडणारं विमान मुळात एअर इंडियाचं होतं. कंपनीनं हरकत घेतली, म्हणून ते 'सारी एअरवेज'चं झालं.

गैरसमज: चित्रकथेचा राजकारणाशी काय संबंध?
२००१ मध्ये चिनी आवृत्ती 'चीनच्या तिबेटमध्ये टिनटिन' या नावानं निघाली. एर्जेच्या प्रतिष्ठाननं आक्षेप घेतला आणि मूळ नाव परत आलं. २००६ मध्ये दलाई लामांच्या हस्ते याच प्रतिष्ठानचा सन्मान झाला.