इंग्रजीतील नौकानयनविषयक वाक्प्रचार : उगम, अर्थ आणि पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना :
बेटावर वसलेल्या इंग्लंडचे जीवन शतकानुशतके समुद्राशी निगडित होते. नौदल, सागरी व्यापार व मासेमारी यांच्याद्वारे शिडाच्या जहाजांवरील परिभाषा किनाऱ्यावर आली आणि ती जहाजे इतिहासजमा झाल्यानंतरही नित्य व्यवहारात टिकून राहिली. आपल्या वर्गांत हे वाक्प्रचार बहुधा अर्थासह पाठ करून घेतले जातात. उगम सांगितलाच, तर तो क्वचित तपासला जातो. प्रस्तुत लेखात निवडक उदाहरणांच्या आधारे उगम कसा पारखावा, याचा विचार केला आहे.

जहाजाच्या रचनेतून उलगडणारे अर्थ :
'थ्री शीट्स टु द विंड' म्हणजे मद्याने झिंगलेला. येथे 'शीट' म्हणजे शीड नव्हे, तर शिडाचा खालचा कोपरा ताणून धरणारा दोर. असे दोर सुटले की शिडे फडफडू लागतात आणि जहाज नीट चालवता येत नाही. झोकांड्या खाणाऱ्या मद्यप्याचे वर्णन त्यावरून रूढ झाले. 'टेकन अबॅक' म्हणजे चकित होणे. वारा अकस्मात शिडांच्या पुढील बाजूवर आदळला की ती डोलकाठीकडे रेटली जात आणि जहाज जागीच थबके. 'बाय' म्हणजे वाऱ्याच्या रोखाला शक्य तितके जवळून जाणे, तर 'लार्ज' म्हणजे वारा मागच्या अंगाने घेणे. दोन्ही स्थितींचा समावेश झाल्याने 'बाय अँड लार्ज' या शब्दबंधाला 'सर्वसाधारणपणे' हा अर्थ लाभला.

लेखी पुराव्याचे महत्त्व :
'द बिटर एंड' या वाक्प्रचारात 'कडू' हा अर्थ सहज मनात येतो. तथापि, कॅप्टन जॉन स्मिथ यांच्या १६२७ मधील 'अ सी ग्रामर' या ग्रंथात नांगराच्या दोराचा जहाजातच राहणारा भाग असा त्याचा अर्थ नोंदविलेला आहे. हा दोर डेकवरील 'बिट्स' नामक भक्कम खुंटांना गुंडाळीत. दोर या टोकापर्यंत संपला की आणखी सोडण्यास काहीच उरत नसे. 'कडू'चा भाव पुढे त्यात मिसळला असावा. मात्र तांत्रिक अर्थाची नोंद प्राचीन व स्पष्ट आहे.

लोकप्रिय परंतु निराधार उगम :
'पॉश' हा शब्द 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' यांच्या आद्याक्षरांपासून झाला, असे आपल्याकडेही आवर्जून सांगितले जाते. इंग्लंडहून हिंदुस्थानास येताना डावीकडील व परतताना उजवीकडील खोल्या उन्हापासून सुरक्षित असत, म्हणून धनिकांच्या तिकिटांवर ही अक्षरे उमटवीत, अशी ही कथा. परंतु असे एकही तिकीट उपलब्ध झालेले नाही. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'पॉश' हा शब्द छानछोकी करणाऱ्या व्यक्तीसाठी बोलीत वापरला जात होता. आद्याक्षरांची कथा मात्र १९३० नंतरच्या दशकात छापून आलेली दिसते.

निष्कर्ष :
उगम सांगण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. संबंधित वस्तू वा क्रिया जहाजावर खरोखर होती काय? तांत्रिक अर्थाची लेखी नोंद लाक्षणिक अर्थापूर्वीची आहे काय? उगमकथा शब्दाच्या किती काळानंतर अवतरली? 'बिटर एंड' या कसोट्यांना उतरतो. 'पॉश' उतरत नाही. वर्गात सांगितलेली रंजक कथा उत्तरपत्रिकेत प्रमाण ठरते आणि तेथून पुढील पिढीच्या अध्यापनात शिरते. म्हणून वाक्प्रचाराच्या अर्थाबरोबर त्याचा पुरावाही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे हा भाषाध्यापनाचाच भाग मानला पाहिजे.