पाठवलं, पण निघालं का?

उमरग्यातल्या एखाद्या सायबर कॅफेत पीक विम्याची कागदपत्रं अपलोड करताना पट्टी झरझर सरकते आणि कधीकधी शेवटाला अडते. 'सेंड' यशस्वी झालं, तरी मजकूर उतरलेला असतो फक्त कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, सेंड बफरमध्ये. टीसीपीत समोरून पोच येईपर्यंत तो तिथंच राहतो.

मग बफरमध्ये जागा उरली किती?

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कर्नलला 'एफआयओएनस्पेस' विचारलं की ते थेट आकडा देतं. लिनक्सचं 'एसआयओसीआउटक्यू' पोच न आलेले बाइट्स तेवढे सांगतं. बफरच्या आकारातून वजाबाकी तुमची तुम्ही करा! तीही फसवी, कारण बफरसाठी ६४ केबी मागितले की लिनक्स १२८ नोंदवतं. जादा जागा त्याच्या स्वतःच्या हिशेबाला लागते.

म्हणून मुरलेले प्रोग्रामर आकडेमोडीत न पडता 'पोल' हा सिस्टिम कॉल वापरतात. पुरेशी जागा झाली की कर्नलच तसं कळवतं.