बॉनेटवरचा आकडा आणि शेतातलं काम

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की पारावरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एचपीचा?" बॉनेटवर ठळक छापलेला तो आकडा म्हणजे जणू घराची इभ्रत. भावकीत कुणी 45 घेतला की आपण 50 घ्यायचा, मग हप्ता झेपो वा न झेपो. गेल्या काही वर्षांत ट्रॅक्टरमध्ये पुष्कळ बदललं, पण ते बदल या आकड्यात दिसत नाहीत. म्हणूनच त्यांच्याबद्दल ऐकीव गोष्टींना ऊत आला आहे.

आधी या आकड्याचंच बघू. बॉनेटवरचा एचपी इंजिनाचा असतो. रोटाव्हेटर, मळणीयंत्र, द्राक्षबागेतला ब्लोअर ही सगळी अवजारं चालतात पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर. इंजिनापासून पीटीओपर्यंत येताना गिअर आणि हायड्रोलिक पंप आपला वाटा खातात आणि साधारण 85 ते 90 टक्के ताकद पुढे पोचते. म्हणजे 50 एचपीच्या ट्रॅक्टरकडून पीटीओवर 43-44 एचपी मिळाले तरी तो चांगलाच म्हणायचा. अवजार निवडायचं ते या दुसऱ्या आकड्यावरून.

हे माहीत असलेला शेतकरी भेटला की विक्रेता दुसरा शब्द पुढे करतो : टॉर्क. 45 एचपीचं इंजिन 2000 फेऱ्यांवर ती ताकद देत असेल तर त्याचा टॉर्क सुमारे 160 न्यूटन मीटर येतो. तीच ताकद 2700 फेऱ्यांवर देणाऱ्याचा 118 च्या आसपास. ऐकायला पहिला ट्रॅक्टर दणकट वाटतो. पण मधे गिअर आहेत, ते हा फरक भरून काढतात. ताकद सारखी आणि चाकाचा वेग सारखा असेल तर चाकावरची ओढही सारखीच. खरा प्रश्न असा, की नांगर कडक पट्ट्यात शिरला, इंजिन दबलं, फेऱ्या खाली आल्या, तेव्हा टॉर्क किती टक्क्यांनी वाढतो? याला बॅकअप टॉर्क म्हणतात. तो चांगला असेल तर ड्रायव्हर गिअर न बदलता पुढे जातो, कमी असेल तर इंजिन गुदमरून बंद पडतं. हा आकडा माहितीपत्रकात क्वचित सापडतो. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात तो असतो. पीटीओची प्रत्यक्ष मोजलेली ताकद, डिझेलचा खप आणि हायड्रोलिकची उचलही तिथेच मिळते.

"नवं तंत्रज्ञान म्हणजे स्क्रीन आणि सेन्सर" हा दुसरा समज. गंमत अशी, की ट्रॅक्टरवरचं सगळ्यात कामाचं तंत्रज्ञान 1930 च्या दशकापासून बाजारात आहे आणि आजही निम्मंच वापरलं जातं. हॅरी फर्ग्युसनने हायड्रोलिक आणि तीन कड्यांची जोडणी एकत्र आणून ते फोर्डच्या ट्रॅक्टरवर बसवलं. तुमच्या सीटशेजारच्या दोन लिव्हर म्हणजे त्याचेच वंशज. एक पोझिशनची, दुसरी ड्राफ्टची. पोझिशनवर अवजार ट्रॅक्टरच्या मानाने ठरवलेल्या उंचीवर राहतं. रोटाव्हेटर, फवारणी, पेरणी यांना हे ठीक. ड्राफ्टवर मात्र हायड्रोलिक ओढ ओळखतं. जमीन कडक लागून ओढ वाढली की नांगर किंचित वर येतो, मऊ लागली की पुन्हा खाली जातो. नांगराचा भार मागच्या चाकांवर येत असल्याने चाकं कमी घसरतात. बरेच ड्रायव्हर नांगरटही पोझिशनवरच करतात. इंजिन दबलं की हाताने नांगर उचलतात आणि "या ट्रॅक्टरला दमच नाही" म्हणतात. लाखभर रुपये जास्त मोजून मोठा ट्रॅक्टर घेण्याआधी ही दुसरी लिव्हर एकदा हलवून बघायला हरकत नाही.

पीटीओचंही असंच. नव्या ट्रॅक्टरवर 540 सोबत इकॉनॉमी 540 असतो. त्यात पीटीओच्या 540 फेऱ्या इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळतात. ब्लोअर मोठा नसेल किंवा जनित्र चालवायचं असेल तर डिझेल वाचतं. पण काळ्या जमिनीत रोटाव्हेटर त्यावर घातला तर इंजिन रडेल. सोय हलक्या कामासाठी आहे, डिझेल वाचवण्याचा हा सरसकट मंत्र नव्हे.

"फोर बाय फोर डिझेल पितो" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. पुढची चाकं ओढू लागली की गिअर आणि सांध्यांमध्ये थोडी ताकद जाते, हे खरं. पण टू व्हीलमध्ये मागची चाकं 25 टक्के घसरत असतील तर चाकाच्या प्रत्येक चार फेऱ्यांतली एक फुकट जाते, तिचा हिशोब कोण ठेवतो? नांगरलेल्या रानात 10-15 टक्के घसरण चालते, त्यावर गेली की डिझेल आणि टायर दोन्ही जातात. मोजायला यंत्र लागत नाही. मागच्या टायरवर चुन्याची खूण करा, अवजार वर उचलून दहा फेऱ्यांचं अंतर मोजा. मग त्याच रानात अवजार खाली टाकून पुन्हा दहा फेऱ्या मोजा. 30 मीटरचे 24 भरले तर घसरण 20 टक्के. एक पथ्य मात्र पाळा. डांबरीवर फोर व्हील बंद ठेवा. पुढची चाकं थोडी वेगाने फिरतील अशीच गिअरची जुळणी असते. रानात हा फरक मातीत जिरतो, पक्क्या रस्त्यावर टायर आणि गिअर झिजवतो.

आता थोडं भीतीबद्दल. "नव्या ट्रॅक्टरमध्ये कॉम्प्युटर आहे, गावचा मिस्त्री हात लावत नाही, म्हणून जुनाच बरा." यात तथ्य आहे, पण अर्धंच. 1 जानेवारी 2023 पासून लागू झालेले ट्रेम 4 हे धुराचे नियम 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना आहेत. तिथे कॉमन रेल आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. त्याखालचे बहुतेक ट्रॅक्टर अजून यांत्रिक पंपावरच चालतात आणि आपल्याकडे विकले जाणारे बहुसंख्य त्याच गटातले. कॉमन रेलमध्ये डिझेल हजार बारपेक्षा जास्त दाबाने फवारलं जातं, ज्वलन चांगलं होतं. पण ते इंजिन डिझेलमधलं पाणी आणि गाळ सहन करत नाही. कॅनमध्ये महिनोन् महिने ठेवलेलं डिझेल त्यात ओतणं म्हणजे इंजेक्टरच्या बिलाला आमंत्रण. आणि मिस्त्रीची तक्रार खोटी नाही. दोष शोधायला त्या कंपनीचं उपकरण लागतं. माझ्या मते 50 एचपीच्या वरच्या गटात ब्रँडपेक्षा सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे, हे आधी बघावं.

जीपीएसचं प्रकरण याच्या उलट, तिथे भीती नाही तर भाबडी आशा आहे. ऑटोस्टिअर म्हणजे ड्रायव्हरविना ट्रॅक्टर नव्हे. स्टिअरिंग यंत्र धरतं, ड्रायव्हर सीटवरच असतो. आणि मोबाइलमधल्या जीपीएसची चूक काही मीटरची असते, त्यावर सरी सरळ येत नाही. दोन-तीन सेंटीमीटरची अचूकता हवी तर आरटीके दुरुस्ती लागते, तीही बहुधा मोबाइल नेटवर्कवरून. फायदा किती? चौकोनी एकराची बाजू साधारण 64 मीटर. दीड मीटरच्या रोटाव्हेटरने काठाला काठ लावून गेलं तर 42-43 फेरे होतात. दर फेऱ्याला अर्धा फूट आधीच्या पट्ट्यावर चढलात तर 47 च्या पुढे. सलग 40 एकर ऊस असेल तर ही दहा टक्के बचत मोठी आहे. बांधाबांधावर वळणाऱ्या दोन एकरांत मात्र वेळ वळणातच जातो, तिथे जीपीएस काय करणार?

इलेक्ट्रिक ट्रॅक्टर 2020 च्या डिसेंबरात भारतीय बाजारात आला, तेव्हापासून "डिझेल संपलं" म्हणणारे आणि "खेळणं आहे" म्हणणारे असे दोन तट आहेत. एक लिटर डिझेलमधून इंजिनाला कामाला येईल अशी ऊर्जा साधारण 3 युनिट मिळते. रोटाव्हेटरवर तासाला 5-6 लिटर लागतं, म्हणजे 15 ते 18 युनिट. 25 युनिटची बॅटरी त्या कामाला दीड तासभर पुरेल. म्हणून जड मशागतीला तो अजून नाही. बाग, पॉलीहाउस, गोठा अशा हलक्या, जवळच्या कामाला तो आजही शोभतो.

तेव्हा शोरूममध्ये सही करण्याआधी विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागा. एक, त्या मॉडेलचा बुदनीचा अहवाल. दुसरी, तुमच्याच रानात, वाफशावर, तुमच्याच अवजारासह एक एकराचं प्रात्यक्षिक. आधी टाकी काठोकाठ भरा, एकर झाल्यावर पुन्हा काठोकाठ भरा आणि किती लिटर गेलं ते वहीत लिहा. नाही म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून ट्रॅक्टर घेऊ नका.