पाच-सात जणांची समिती

समिती नेमली की विषय गुंडाळला, असं आपल्याकडे थट्टेनं म्हणतात आणि पुष्कळदा ते खरंही ठरतं. पण भारताच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा आराखडा एका समितीनंच आखला. तिचे अध्यक्ष डॉक्टर नव्हते आणि त्यांचा जन्म नाशिकचा होता.

सर जोसेफ भोर (१८७८–१९६०) पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये आणि डेक्कन कॉलेजात शिकले, आयसीएस झाले, कोचीन संस्थानाचे दिवाण झाले. ऑक्टोबर १९४३ मध्ये, बाहेर महायुद्ध आणि बंगालात दुष्काळ चालू असताना, सरकारनं त्यांच्या हाती आरोग्य सर्वेक्षणाचं काम दिलं. १९४६ मध्ये चार खंडांचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे त्याचं मुख्य सूत्र. दूरच्या टप्प्यात दर दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचं रुग्णालय असावं, असं त्यात लिहिलं होतं. आज सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरतात आणि तिथे साधारण सहा खाटा असतात. इंग्रजांचं राज्य जाता जाता केवढी हिंमत दाखवली गेली होती, ते यावरून कळावं!

एक निर्णय मात्र माझ्या मते चुकला. कमी मुदतीचा अभ्यासक्रम करून खेड्यापाड्यांत जाणाऱ्या एलएमपी डॉक्टरांची परंपरा बंद करून एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर घडवावा, असं समितीनं ठरवलं. काही सदस्यांनी लेखी मतभेद नोंदवला, पण तो मागे पडला.

याच अहवालात एक छोटीशी शिफारस आहे. दर गावात पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी, म्हणजे आरोग्याचं काम गावाचंही होईल. जवळपास त्याच काळात काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीची आरोग्यविषयक उपसमिती काम करत होती. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिबसिंग सोखे तिचे प्रमुख. दर हजार लोकांमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक गावातच असावा, असं त्यांचं म्हणणं.

१९५२ पासून सामूहिक विकास योजनेतून आरोग्य केंद्रं उभी राहू लागली. इमारती झाल्या, पण गावची समिती आणि गावचा सेवक कागदावरच राहिले. ते होऊ शकतं हे सरकारबाहेरच्या माणसांनी दाखवलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर, बायकांनाच त्यांनी बाळंतपण, लसीकरण, जुलाबावरचे उपाय शिकवले. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड आहे.

पुढे आरोग्याच्या चळवळींनी मागणीचा सूर बदलला. सेवा द्या, इतकंच न म्हणता हिशेब द्या, असं त्या म्हणू लागल्या. २००१ मध्ये देशभरातल्या संघटनांनी मिळून जन स्वास्थ्य अभियान उभं केलं. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि सोखे यांचं हजाराचं प्रमाण ‘आशा’ या गावातल्याच आरोग्यसेविकेच्या रूपानं, तर भोर यांची समिती गाव आरोग्य समितीच्या रूपानं परतली. समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंतचा मुक्त निधी मिळू लागला. अनेक गावांत मात्र आपण सदस्य आहोत हे सदस्यांनाच ठाऊक नसे.

म्हणून २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, आधी पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) या जिल्ह्यांत. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेनं तिचं राज्यभराचं समन्वयन केलं. रीत साधी आहे. समितीची माणसं आणि कार्यकर्ते गावकऱ्यांना विचारतात. नर्सबाई येतात का? औषध केंद्रात मिळतं, की चिठ्ठी लिहून बाहेर पाठवतात? बाळंतपणाला पैसे मागितले का? उत्तरांवरून गावाचं प्रगतिपत्रक रंगवतात, चांगल्याला हिरवा, मधल्याला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाई. डॉक्टर, अधिकारी समोर बसलेले, आणि एखादी बाई उभी राहून आपल्या बाबतीत काय घडलं ते सांगते. डॉक्टरांनाही तिथे बोलता येतं, आणि पुष्कळदा त्यांची तक्रारही वरच्याच दिशेनं असते: जागा रिकाम्या, साठा नाही.

आशांनीही आता आपल्या संघटना बांधल्या आहेत. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. जून २०२१ मध्ये कोविडच्या काळात महाराष्ट्रातल्या हजारो आशांनी संप केला आणि काही दिवसांतच मानधनवाढ पदरात पाडून घेतली. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा जागतिक पुरस्कारानं गौरव केला. सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा द्या, ही त्यांची मागणी त्यानंतरही मोर्चांमधून येत राहिली.